पायरीवर बसलेला माणूस

विद्यापीठात त्यांना सगळे 'पलीकडच्या बाई' म्हणत. तोंडावर नुसतं 'बाई', आणि पाठ फिरली की पलीकडच्या. त्यात खोटं काही नव्हतं म्हणा. डोंगराच्या पलीकडे, सरहद्दीपार, त्यांचं माहेर. लग्न करून त्या इकडे आल्या तेव्हा सरहद्द म्हणजे रस्त्यावर आडवा टाकलेला एक बांबू होता, आणि चौकीवरचा शिपाई त्यांच्या नवऱ्याकडून घड्याळ दुरुस्त करून घ्यायचा. नवरा घड्याळजी. एका बंद पडलेल्या घड्याळापायी तो पलीकडे गेला आणि बायको घेऊन परत आला, असं तो स्वतःच सगळ्यांना सांगायचा.

विद्यापीठात सैन्याच्या कॅडेटांची तुकडी होती. ही पोरं इतरांसारखीच वर्गात बसायची, सकाळी कवायत करायची, आणि पदवी हातात पडली की सरळ फौजेत अधिकारी व्हायची. एक परकी भाषा आणि तिथल्या लोकांची राहणी शिकणं त्यांना सक्तीचं होतं. ते काम बाईंकडे. तळमजल्यावरची शेवटची खोली, एका कोपऱ्यात फुटलेला फळा, खिडकीतून दिसणारं कवायतीचं मैदान, आणि भिंतीवर पलीकडच्या देशाचा नकाशा. नकाशात बाईंचं गावच नव्हतं. त्यांनी पेनने एक ठिपका काढून ते वसवलं होतं.

नेमलेलं पुस्तक म्हणजे नुसता वैताग. लिहिणाऱ्याने त्या देशात एक रात्रसुद्धा काढली नसावी. त्यातली माणसं सगळा जन्म स्टेशनवर तिकिटं काढत होती आणि एकमेकांना हवापाणी विचारत होती. बाईंना ते सहन होईना. असल्या भाषेत बोललात तर तिकडची कुत्रीही तुमच्यावर भुंकणार नाहीत, असं त्या पोरांना बजावायच्या. बाईंना आपल्या शिकवण्याचा गर्व होता हो, उगाच लपवायचं कशाला? त्यांचा विद्यार्थी तिकडे गेला तर त्याला कोणी परका म्हणता कामा नये, एवढाच त्यांचा हट्ट. म्हणून पुस्तक मिटून त्या मनचं शिकवायला लागल्या, आणि तिथेच घोड्याने पेंड खाल्ली.

पलीकडच्या डोंगरातल्या गावांत दारावर थाप मारत नाहीत. आलेला माणूस पायरीवर बसतो, दाराकडे पाठ करून. माझी पाठ तुमच्या हवाली आहे, मी वाईट हेतूने आलो नाही, असा त्याचा अर्थ. बसलेल्याने हाक मारायची नाही, मागे वळून बघायचं नाही. घरातलं कोणीतरी दार उघडतं आणि त्याच्या खांद्यावर हात ठेवतं. हात पडला की तो त्या घरचा. पोटात अन्न जाईपर्यंत कोण, कुठला, कशाला आलास, काही विचारायचं नाही. घर सोडून वर्षानुवर्षं बाहेर राहिलेला मुलगाही परत आला की असाच बसतो. हात पडला तर घराने त्याला पदरात घेतलं. दार उघडलंच नाही तर त्याने समजायचं, उठायचं आणि पुन्हा त्या वाटेला जायचं नाही.

बाई हे नुसतं सांगून थांबल्या नाहीत. खडूच्या कपाटाचं दार त्यांनी घराचं दार केलं, समोर लाकडी पायरी ठेवली, आणि एकेका पोराला बसवायला लागल्या. पोरं आधी खिदळली. कोणी ताठ बसे, कोणी चोरून मागे बघे. "अरे, न्हाव्याकडे बसलायस का?" असं बाई म्हणाल्या की सगळा वर्ग हसायचा.

एकालाच ते पहिल्याच वेळी जमलं. त्याला सगळे 'मुका' म्हणत. आपल्या भाषेत तो दिवसभरात चार वाक्यं बोलायचा, पण पलीकडची भाषा त्याच्या तोंडी अशी बसली होती की बाईंना भरून यायचं. आई लहानपणीच गेलेली, काकांकडे वाढलेला. तो पायरीवर बसला तो हात गुडघ्यांत घेऊन, मान जराशी खाली घालून, आणि बाईंनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला तेव्हा त्यांना क्षणभर वाटलं, आपला भाचाच बसलाय.

भाच्याचं सांगायलाच हवं. पलीकडे बाईंची थोरली बहीण राहायची, ताई. विधवा, घरात एकटी. तिचा एकुलता एक मुलगा सोळाव्या वर्षी भांडून घर सोडून गेला होता. भांडण कसलं, तर बुटांवरून. आई रागाच्या भरात बोलून गेली आणि पोरगा निघून गेला. कुठल्याशा बंदरावर हमाली करतो, एवढीच खबर. ताई रोज दिवेलागणीला दाराच्या आत बसायची, पायरीवर काही हालचाल होते का ते ऐकत. फोनवर तिचं शेवटचं बोलणं ठरलेलं असे. "यायचा गं, कधीतरी यायचाच."

त्या वर्षी सरहद्दीवर कुरबुरी सुरू झाल्या. आधी बस बंद झाली, मग बांबूच्या जागी काँक्रीटच्या भिंती आल्या. बाईंच्या वर्गात एकाएकी गर्दी वाढली. ज्यांना ही भाषा नको होती तेही येऊन बसायला लागले. भाजीवाली बाईंशी तुटक बोलू लागली. दुकानासमोर कोणीतरी दिवसभर नुसतंच उभं असतं, असं घड्याळजी म्हणाला, आणि वर हसून म्हणाला की एवढं घड्याळ बघत बसणारं गिऱ्हाईक मला आधी मिळालं असतं तर बरं झालं असतं. बाईंना हसू आलं नाही.

एके दिवशी कॅडेटांच्या तुकडीचे मेजरसाहेब वर्गात येऊन मागच्या बाकावर बसले. माणूस फार सभ्य. बाईंना खुर्ची पुढे करणारा, आवाज कधी न चढवणारा. त्यांनी पायरीचा सगळा प्रकार पाहिला आणि एकच प्रश्न विचारला: घरातल्याने दार उघडलंच नाही तर?

बाईंनी मान उंचावून उत्तर दिलं. "पाहुण्याच्या बाबतीत असं होतच नाही साहेब. जिवावर बेतलं तरी माणूस दार उघडतो. नाहीतर गावात तोंड दाखवायला जागा राहत नाही."

साहेबांनी मान डोलावली आणि आभार मानले. बाई खुशीत घरी गेल्या. इतकी वर्षं शिकवतेय, आज कुठे कोणी लक्ष देऊन ऐकलं, असं त्या नवऱ्याला म्हणाल्या. तो भिंगातून बघत होता. त्याने भिंग काढलं, आणि साहेबाने नेमकं काय विचारलं ते त्यांच्याकडून पुन्हा वदवून घेतलं. मग परत कामाला लागला.

पुढच्या आठवड्यात वर्गातली पायरी नाहीशी झाली. सुतारांनी मैदानाच्या टोकाला फळ्यांची चार घरं उभी केली. दारं, पायऱ्या, अगदी बाईंनी वर्णन केली होती तशी. बाईंना आनंद व्हायला हवा होता. पण त्यांना तिकडे कोणी बोलावलं नाही.

एका सकाळी फळा पुसता पुसता त्यांनी खिडकीतून पाहिलं. एका घराच्या पायरीवर मुका बसला होता, हात गुडघ्यांत, मान खाली. दार उघडलं. घरातल्या बाईचं सोंग घेतलेला एक कॅडेट बाहेर आला आणि त्याने मुक्याच्या खांद्यावर हात ठेवला. मुक्याने ते मनगट धरलं, हिसडा दिला, माणूस पायरीवरून खाली आपटला, आणि भिंतीच्या आडोशाला दबा धरून बसलेले चौघे त्याच्या अंगावरून घरात घुसले. शिट्टी वाजली. सगळे हसत उठले, कपडे झटकले आणि पुन्हा जागेवर गेले. पुन्हा हात, पुन्हा हिसडा. तिसऱ्या वेळी मुक्याची नजर खिडकीकडे गेली. त्याने ती लगेच वळवली.

बाई तशाच, हातात डस्टर घेऊन, मेजरसाहेबांकडे गेल्या. साहेबांनी उठून खुर्ची दिली. बाई बसल्या नाहीत. हे पाप आहे, मी हे यासाठी शिकवलं नव्हतं, असं त्या म्हणाल्या.

"बाई, दार फोडून आत शिरलं तर गोळीबार होतो, घरातली पोरंबाळं मरतात. तुमच्या रीतीने दार आपोआप उघडतं. तुम्ही माणसं वाचवताय, असं बघा ना याच्याकडे."

यात तथ्य आहे, असं बाईंना क्षणभर वाटलं. सगळ्यात जास्त राग त्यांना त्याचाच आला. निघताना साहेबांनी अगदी सहज विचारलं, तुमच्या थोरल्या बहिणीची तब्येत कशी असते हल्ली? बाईंनी बहिणीचा विषय त्यांच्याकडे कधी काढलाच नव्हता.

घरी येऊन त्या रडल्या. घड्याळजीने पाणी दिलं. मग कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ, एवढंच पुटपुटला आणि बोललो ते चुकलंच, असं वाटून त्यांच्या पाठीवरून हात फिरवत बसला. पण बाईंच्या डोक्यात ते वाक्य जाऊन बसलं. गोत म्हणजे कोण? गोत म्हणजे ताई. एकटी, दाराच्या आत बसलेली, कोणी पायरीवर टेकलं की धावत जाऊन हात ठेवणारी. फौज त्या डोंगरात उतरली की पहिली जी घरं लागतील त्यांत तिचं घर.

घरच्या फोनवर आताशा खरखर यायची. म्हणून बाई बसस्टँडजवळच्या सार्वजनिक फोनवर गेल्या आणि ताईला सगळं सांगून दार उघडू नकोस म्हणाल्या. ऐकून ताई आधी हसलीच. मग म्हणाली, उद्या सूर्याला पाठमोरा उगव म्हणशील. बाई चिडल्या, हातापाया पडल्या, पुन्हा पुन्हा तेच सांगत राहिल्या. केस बारीक कापलेले असतील, बूट जाड असतील, खांदे रुंद असतील, आपल्यासारखेच बसतील ते, ताई, मीच शिकवलंय त्यांना, तुला फरक कळायचा नाही.

ताई हळूच म्हणाली, "आणि माझा आला तर?"

बाईंना ठाऊक होतं हा प्रश्न येणार. सगळ्या वाटेत त्यांनी त्याचंच उत्तर शोधलं होतं आणि त्यांना ते मिळालं नव्हतं.

"पाच वर्षांत आला नाही, तो या धामधुमीत कसा येईल गं? रस्ते बंद आहेत. ताई, माझी शपथ आहे तुला. लढाई मिटेपर्यंत कुणालाही दार उघडू नकोस."

ताई हो म्हणाली. बाई फोन ठेवून बाहेर आल्या तेव्हा त्यांचा जीव भांड्यात पडला होता. बहीण वाचली, असं त्यांना वाटलं.

मग दिवस असे गेले की सांगता सोय नाही. वरच्या वर्गातले कॅडेट एका सकाळी ट्रकांतून गेले, त्यांत मुकाही होता. जाण्याआधी तो वर्गाच्या दारात येऊन उभा राहिला होता. बाईंनी त्याला आत ये म्हटलं नाही, आणि मग रात्रभर त्याचंच त्यांना वाईट वाटत राहिलं. डोंगराकडून अधूनमधून धडधड ऐकू यायची. दुकानातली घड्याळं टकटकत राहायची आणि घड्याळजी म्हणायचा, ढग असतील. आभाळ निरभ्र असायचं.

ताईचा फोन आला तो भर दुपारी, विद्यापीठातल्या कार्यालयात. शिपाई वर्गातून बोलवायला आला. दोन कारकून कागदांत डोकं घालून कान देऊन बसले होते. बाईंनी रिसीव्हर घेतला आणि आधी एवढंच विचारलं, बरी आहेस ना?

बरी आहे, ताई म्हणाली. आवाज अगदी शांत होता, बाजारहाट सांगावा तसा. फौज वरच्या वाटेने निघून गेली, आपल्या गावात कोणी आलंच नाही, असं तिने सांगितलं. बाईंनी सुटकेचा निःश्वास टाकला. पण ताई थांबली नाही. काल संध्याकाळी पायरीवर एकजण येऊन बसला होता. फटीतून पाहिलं मी. केस बारीक कापलेले, बूट जाड, खांदे रुंद. तू सांगितलंस अगदी तसा. मी दिवा मालवला आणि भिंतीला टेकून बसून राहिले. तो फार वेळ बसला, हाक मारली नाही, वळला नाही. मग उठला आणि खिंडीच्या वाटेने गेला.



ताई म्हणाली, आज सकाळी समोरची म्हातारी आली भांडायला. म्हणाली, तुझा पोरगा इतक्या वर्षांनी बंदरावरून चालत आला, माझ्या हातचं पाणी प्यायला, आईला नवे बूट दाखवतो म्हणाला. आणि तू त्याला दारातून परत पाठवलंस? आई आहेस की कोण आहेस? असं विचारत होती. मी खिंडीपर्यंत धावत गेले गं. तिथे तुमच्या फौजेने वाट बंद केलीय. सकाळपासून कोणाला पुढे सोडत नाहीत, आणि रात्री पलीकडे कोण गेलं ते सांगत नाहीत.

"ताई," बाई म्हणाल्या.

"मी तुझं ऐकलं," ताई म्हणाली.