पापण्यांवरची हळद

आमच्या कोरगावात खुडूक कोंबडी मागायला कुणी लाजत नाही. घरात अंडी आहेत पण बसायला कोंबडी नाही, असं झालं की दुसऱ्याकडची आणायची, कपाळाला हळद लावायची आणि अंड्यांवर बसवायची. मी थोरल्या बहिणीकडे मागितली. तिला डिचोलीला दिलेली. शुक्रवारी म्हापशाच्या बाजाराला आली, ती टोपलीतून कोंबडी घेऊन थेट माझ्या दारात.

कोंबडीचं तोंड पापण्यांपर्यंत हळदीनं माखलेलं.

"ताई, हळद मी लावली असती."

"माज्याच हातान लावन हाडलंय गो. पिल्लां बरी येतली."

मला भरून आलं. सख्खी ती सख्खीच, असं शेजारणीला सांगूनही आले. मूर्ख मी.

खुडूक अंधाऱ्या कोपऱ्यात बसून राहिली. इकडे माझ्या कोंबड्यांच्या पापण्यांवर मिऱ्यांएवढे फोड उठले. आधी वाटलं, डास चावले असतील. मग खपल्या धरल्या, डोळे चिकटले, आणि समोर कणी असूनही कोंबड्या उपाशी राहू लागल्या. मी कोमट पाण्यानं डोळे पुसायचे, चोच उघडून भात भरवायचे. सासरच्या या घरात माझं स्वतःचं म्हणावं असं त्या कोंबड्यांशिवाय काही नव्हतं. एकेक करून बहुतेक गेल्या.

गुरांच्या डॉक्टरांनी बघताच सांगितलं, "देवी आहेत. विषाणूचा रोग, यावर औषध नाही. बाहेरून नवी कोंबडी आणली होती का?"

घरी येऊन खुडकीचं तोंड धुतलं. हळदीखाली पापण्यांवर त्याच खपल्या होत्या, सुकत आलेल्या. मी तशीच बहिणीला फोन लावला.

ती म्हणाली, "माज्याकडची सगळी मरत होती गो. ही एक तरी वाचांदी म्हणान तुज्याकडे हाडली."

माझ्या कोंबड्यांचं काय, हे तिनं विचारलं नाही. संताप एवढा आला की मीच फोन ठेवला.

तिची कोंबडी वाचली. अंडी फुटली, पिल्लं निघाली, आणि ती थोडी मोठी झाल्यावर बहीण टोपली घेऊन आली. रिवाजाप्रमाणे निम्मी पिल्लं ज्याची कोंबडी त्याची. मी सगळी तिच्यासमोर सोडली. ती अंगणात बसली, एकेक पिल्लू उचलून उजेडात धरलं, पापण्या नीट तपासल्या, आणि चांगली तेवढी टोपलीत घातली.