मिरचीचा ठसका

आज चिवड्याच्या फोडणीत मिरची पडली आणि कोरोनाच्या काळात नेदरलँड्समध्ये पाहिलेला बेसबॉलचा सामना आठवला. मध्ये दोन-दोन खुर्च्या रिकाम्या सोडून बसलेले मोजके प्रेक्षक, हवेत सॅनिटायझरचा वास. पिचर, म्हणजे बेसबॉलमधला गोलंदाज, समोरच्या संघाला एकही धाव काढू देत नव्हता आणि अंपायर त्याला सारखा नवा चेंडू देत होता. क्रिकेटवर वाढलेल्या मला ते पटेना.

“अंपायर त्याला सामील आहे,” मी बायकोला म्हणालो.

“इथं मळलेला चेंडू बदलतातच. तू चिवडा खा,” ती म्हणाली.

मास्क खाली ओढून मी बकाणा भरला, डोळे मात्र पिचरच्या हातावर. शेवटचा फलंदाज बाद झाला, समोरचा संघ शून्यावरच हरला आणि नेमका तेव्हाच मला मिरचीचा ठसका लागला. खोकला आवरेना. आसपासच्या टाळ्या थांबल्या.

पिचरकडे मी दुपारभर ज्या नजरेनं पाहत होतो, त्याच नजरेनं अख्खी रांग माझ्याकडे पाहत होती.