भर दुपारची बाज

विजयमालानं भर दुपारी अंगणात लिंबाखाली बाज टाकली आणि तोंडावर पदर घेऊन आडवी झाली. श्रीगोंद्याकडच्या त्या वस्तीवर सुनेनं दिवसा पाठ टेकवली की घरात अवदसा शिरली म्हणून समजायचं. मग काय, घटकाभरात बाजेभोवती ही गर्दी!

विहिरीवरच्या मोटारीची लाईट यायची रात्री. नवरा रामहरी टेम्पोवर, म्हणून उसाला पाणी द्यायचं, ते सरीसरीत वळवत दारं धरायचं ते विजयमालानंच. उजाडलं की गोठा, धारा, भाकरी. दोन महिने तिला धड झोप नव्हती. मग चहात मीठ पडायला लागलं. धार काढता काढता उगाच रडू फुटायला लागलं. एकदा तर उलथनं भिंतीवर भिरकावून ती खदाखदा हसत सुटली.

सासू केशरबाईंनी छातीवर हात मारून निकाल दिला, "बाहेरचं हाय गं बाय! धरलंय हिला. आप्पाला बोलवा!"

आप्पासाहेब म्हणजे गावचा देवऋषी. त्यानं एकदा लिंबू उतरवलं की ती बाई जन्माची 'येडी'. विजयमालाच्या मावशीला ते नाव सरणावर जाईपर्यंत चिकटलं होतं. आणि तालुक्याच्या डॉक्टरीणबाईंनी तर बजावलेलं, "आधी झोप. अशीच जागत राहिलीस तर डोकं खरंच बिघडेल." म्हणून ती बाज.

आप्पा आला. घसा खाकरून नाकातून गरजला, "कोऽन हाईस तू? बोऽऽल! कुठनं आलीस?"

पदराखालून उत्तर आलं, "रानातनं. दारं धरून."

पोरंटोरं फिसकली.

"झाडाला बांधू का तुला?"

विजयमाला ताडकन उठून बसली. डोळे लालभडक. "आप्पा, रात्री झोपता का वो तुमी?"

"झोपतो की. लई गाढ."

"मंग आठ रात्री माझ्या उसात दारं धरा. दिवसा माझ्या गायांच्या धारा काढा. मंग तुमाला काय धरतंय ते मी सांगते. लिंबू बी मीच आनते!"

सगळ्यात आधी हसला टेम्पो लावून गर्दीत येऊन उभा राहिलेला रामहरी.

"तुमी नका हसू," ती त्याच्याकडं वळली. "आजपासनं एक रात्र तुमची, एक माझी. टेम्पो उबा ऱ्हायला तर ऱ्हाऊ द्या."

रामहरीचं हसू मिशीतच अडकलं. पण मान हलली. आप्पानं लिंबू हळूच खिशात सरकवलं.

विजयमाला परत आडवी झाली. केशरबाई पुटपुटल्या, "अगं, पन लोक काय म्हनतील?"

"म्हनू द्या की, आत्याबाई," पदराखालून आवाज आला. "फकस्त हळू म्हना म्हनावं."