पॉवर स्टिअरिंगची टाकी आणि ह्यांचं ‘व्हय’

माझ्या नवऱ्याला अर्धांगवायूचा झटका आला तेव्हा ते आमच्या अंगणात गाडीचं बॉनेट पुसत होते. लष्करातल्या गाड्यांच्या वर्कशॉपात त्यांचं अर्धं आयुष्य गेलं होतं. निवृत्त होऊन इस्लामपूरजवळ आमच्या गावी आले, तेव्हा उसाची शेती त्यांनी भावाकडंच राहू दिली आणि एक जुनी गाडी विकत घेतली. तिला त्यांच्याशिवाय कुणी पाना लावला नव्हता. मला चालवायलाही त्यांनीच शिकवलं होतं, मळ्याच्या वाटेवर, शेजारी बसून गप्प राहून. मी चुकले की फक्त डॅशबोर्डवर बोट आपटायचे.

झटक्यानं उजवा हात-पाय गेला आणि बोलणं गेलं. दोनच शब्द राहिले, ‘व्हय’ आणि ‘न्हाई’, आणि तेही उलटसुलट. भात वाढू का म्हटलं की ‘व्हय’ म्हणायचे आणि ताट ढकलायचे. सांगलीला ज्या डॉक्टरबाई त्यांच्याकडून व्यायाम करून घेत होत्या, त्यांनी मला समजावलं होतं, की ह्यांना सगळं कळतंय, पण मनात एक असतं आणि तोंडातून दुसरंच निघतं. पहिले काही महिने महत्त्वाचे, खाडा करू नका, असंही त्या म्हणाल्या होत्या.

पण खाडे झाले. एकदा भाड्याची गाडी केली होती. आष्ट्याच्या पुढं गेल्यावर ह्यांचं लघवीवरचं भान सुटलं आणि सीट भिजली. चालक वाईट माणूस नव्हता, पण तो सगळ्या खिडक्या उघडून बसला. त्या दिवसापासून ह्यांनी दुसऱ्याच्या गाडीत पाय ठेवायचं सोडलं. दाराची चौकट डाव्या हातानं अशी धरून ठेवायचे, की मला आणि चालकाला मिळूनही तो हात सोडवता येत नसे. बसायचे ते फक्त आपल्या गाडीत.

आणि श्रावणात नेमकी तीच बिघडली. सांगलीला जायच्या आदल्या दिवशी वळण घेताना स्टिअरिंग दगडासारखं जड झालं आणि बॉनेटखालून कण्हल्यासारखा आवाज यायला लागला. घरी आणून बघते तर पॉवर स्टिअरिंगच्या ऑइलची छोटी प्लॅस्टिकची टाकी खालच्या बाजूला तडकलेली, आणि जमिनीवर लाल ऑइलचा डाग. एक मेकॅनिक नागपंचमीसाठी शिराळ्याला गेला होता, दोन दिवसांनी बघू म्हणाला. दुसरा म्हणाला, गाडी इकडं आणा. सांगलीला दुसऱ्या दिवशी चार वाजता पोचायचं होतं. आधीच दोन वेळा चुकल्यामुळं, या वेळी आला नाहीत तर तुमची वेळ दुसऱ्या पेशंटला द्यावी लागेल, असा निरोप आला होता.

सकाळी मी एसटीनं इस्लामपूरला गेले आणि फोनमधला फोटो दाखवून नवी टाकी आणि ऑइलची बाटली आणली. दुकानदारानं बजावलं, की पंप कोरडा फिरवू नका, पंप जाम झाला तर पट्टा तुटेल आणि गाडी वाटेत उभी राहील. पुण्याहून मुलीनं टाकी बदलायचा एक व्हिडिओ पाठवला आणि तू यात पडू नकोस असंही म्हणाली. मी तिला बरं म्हटलं.

ह्यांना खुर्चीत बसवून खुर्ची गाडीच्या पुढ्यात आणली. त्यांनी आधी भिंतीकडं तोंड फिरवलं. गेले कित्येक दिवस ते तसेच असायचे, माझ्याकडं न बघता. मी बॉनेट उघडलं तेव्हा मात्र मान वळली.

दवाखान्यात ज्या मोठ्या सिरिंजनं त्यांना नळीतून पातळ अन्न द्यायचे, ती घरात होती. तिनं टाकीतलं उरलंसुरलं ऑइल ओढून काढलं. टाकीला दोन पाइप, एक जाड, एक बारीक. पक्कडीनं क्लिपा दाबून ते ओढायचे, एवढंच व्हिडिओत होतं. आमचे पाइप इतकी वर्षं तिथं चिकटून बसलेले. जाड पाइप निघाला तो माझी बोटं सोलून. दोन बोल्ट काढायला तास गेला, कारण एक गंजला होता आणि पाना सारखा निसटायचा. घामानं डोळे झोंबत होते. साडेबारा वाजले.

नवी टाकी बसवली, पाइप चढवले, क्लिपा लावल्या, ऑइल ओतलं. बारीक पाइपाचं तोंड टाकीमागं होतं, ते मला नीट दिसत नव्हतं. मी बाजूला झाले, ह्यांची खुर्ची आणखी पुढं सरकवली आणि विचारलं, “आवं, बघा की, ह्यो पाइप पुरता बसलाय न्हवं?”

ते वाकून बराच वेळ बघत राहिले. मग म्हणाले, “व्हय.”

मला तेच ऐकायचं होतं. मी जाऊन चावी फिरवली. इंजिन सुरू झालं आणि पुढच्याच क्षणी पाइप निसटून लाल ऑइलची चिळकांडी उडाली. इंजिनावर, बॉनेटवर, ह्यांच्या पांढऱ्या सदऱ्यावर. इंजिन बंद करून मी खाली उतरले तर ते डाव्या हातानं खुर्चीचा हात बडवत होते आणि म्हणत होते, “व्हय, व्हय, व्हय.”

म्हणजे न्हाई. ते मघापासून मला न्हाई म्हणत होते.

मला हे माहीत होतं. रोज दहा वेळा मी हे बघत होते. तरी मी ओरडले. “एक सबूद तरी खरा बोला की! न्हाईतर गप ऱ्हावा!”

शेजारची बाई कुंपणापाशी येऊन परत फिरली. ह्यांनी बडवणं थांबवलं. डावा हात उचलून आपल्याच तोंडावर मारला, एकदा, मग पुन्हा. मी तो हात धरला तेव्हा तिसरा फटका माझ्या मनगटावर बसला. आम्ही दोघंही ऑइलनं माखलेले, आणि मी त्यांच्या गुडघ्यांवर डोकं टेकून रडत होते. लग्नाला बत्तीस वर्षं झाली होती, या माणसाला मी कधी गप राहा म्हटलं नव्हतं. आता बोलता येत नव्हतं तेव्हा म्हटलं. मला वाटलं, संपलं. गाडी संपली, सांगली संपली, यापुढं हे भिंतीकडं बघत राहतील आणि मी त्यांच्या पाठीकडं.

मग माझ्या पकडीतला त्यांचा हात ओढ घ्यायला लागला. त्यांना उठायचं होतं. मी काखेत हात घालून उभं केलं. मडगार्डवर पोट टेकवून, चांगल्या पायावर भार देऊन ते उभे राहिले आणि डावा हात त्यांनी टाकीमागं घातला. डोळे मिटले होते. बोटांनी पाइपाचं तोंड चाचपलं, फडक्यासाठी हात मागं केला, मी फडकं दिलं, त्यांनी पाइपाचं तोंड पुसून घेतलं आणि पाइप दाबत, फिरवत टाकीच्या नळीवर चढवला. मी चढवला होता त्याच्या दुप्पट आत गेला. एका हातानं क्लिप लावता येईना. मग मी पक्कडीनं ती दाबून धरली आणि त्यांनी बोटानं जागेवर सरकवली.

बाटलीत ऑइल थोडंच उरलं होतं, पण पुरलं. आता आतली हवा काढायची होती. त्यासाठी इंजिन बंद ठेवून स्टिअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवायचं. पुढची चाकं उचलायला जॅक लावायची माझी हिंमत नव्हती, त्यामुळं जड स्टिअरिंगला दोन्ही हातांनी लोंबकळून मी ते फिरवत होते. हे टाकीतले बुडबुडे बघत होते. तोंडानं काही विचारायचं नाही, एवढं मला कळलं होतं. “थांबायचं तर एकदा थोपटा, फिरवायचं तर दोनदा,” मी म्हटलं. मडगार्डवर दोनदा थाप पडायची, मी फिरवायची. एकदा पडायची, मी थांबून ऑइल घालायची. किती वेळा, ते सांगता येणार नाही. खांदे सुन्न झाले होते.

इंजिन चालू केलं तेव्हा आवाज थोडा वेळ राहिला आणि मग विरला. स्टिअरिंग एका बोटानं फिरलं.

सदरा बदलून त्यांना गाडीत बसवलं. सांगलीला पोचलो तेव्हा पाच वाजायला आले होते. डॉक्टरबाई दुसऱ्या पेशंटकडं गेल्या होत्या. आम्ही बाकावर बसून राहिलो. शेवटी त्यांनी पंधरा मिनिटं दिली आणि वेळ आमच्याकडंच ठेवली. ह्यांच्या नखांतलं ऑइल बघून त्यांनी विचारलं, तेव्हा मी सगळं सांगितलं, ओरडले तेसुद्धा. त्या म्हणाल्या, घरात तोंडी हो-नाही विचारणं बंद करा, थापच ठेवा.

त्यानं सगळं सुधारलं असं नाही. पुढच्या आठवड्यात त्यांनी गाडीत बसायलाही नकार दिला, आणि त्या दिवशी मी नुसती दारात बसून राहिले. उजवा हात परत आला नाही. बोलणं थोडं आलं, चार-पाच शब्द, कधी लागतात, कधी चुकतात. मी त्या ओरडण्याबद्दल त्यांची माफी मागितली होती. पुष्कळदा मागितली. त्यांनी दर वेळी माझ्या हातावर दोनदा थोपटलं. दोनदा म्हणजे चालू दे. त्यांना काय चालू ठेवायचं होतं, माफी मागणं की बाकीचं सगळं, ते मी कधी विचारलं नाही.