मामींच्या नाकासाठी

बायकोची बोलणी खायला मिळावीत म्हणून तीन वर्षं जीव तोडून मेहनत करणारा माणूस अख्ख्या बऱ्हाणपुरात एकच आहे, आणि तो माझ्या बायकोचा मामा आहे. ही थट्टा नव्हे. तीन वर्षांपूर्वी मामींना मोठा ताप आला. ताप उतरला, पण त्यांना कसलाच वास येईनासा झाला. हे मला पहिल्यांदा कळलं ते असं. दूध उतू जाऊन, करपून, पातेल्याचा कोळसा झालेला, बुधवारा पेठेतली निम्मी गल्ली धावत आलेली, आणि मामी शेगडीपासून चार हातांवर शांतपणे मेथी निवडत बसलेल्या! डॉक्टर म्हणाले, येईल कधीतरी, कदाचित येणारही नाही. मामांनी ते निमूट ऐकून घेतलं आणि घरी येताना वाटेतच ठरवून टाकलं, की जो वास या बाईला तीस वर्षं सहन झाला नाही तोच तिचं नाक उघडेल. म्हणजे त्यांच्या पाईपचा.

मामा कागद कारखान्यात लगद्याच्या खात्यात होते. पाईपचं वेड तिथल्याच एका साहेबाचं पाहून लागलेलं. नोकरी होती तोवर डब्यातली साधी तंबाखू ओढायचे, आणि त्यांनी काडी ओढायचा अवकाश, की स्वयंपाकघरातून मामी कडाडायच्या, "शी! आधी ते धुराडं बाहेर न्या!" तापानंतर ते ऐन माजघरात बसून धूर सोडू लागले, तरी आतून चकार शब्द नाही. तो गप्पपणा मामांना सोसेना. मग त्यांनी स्वतःच तंबाखू मिसळायला घेतली. पिवळी पानं गोडीला, तपकिरी पानं धूर भरीव व्हावा म्हणून, आणि धुरी दिलेली काळी पानं चिमूटभर, नाकात झणका बसावा म्हणून. कारखान्यात लगदा मुठीत दाबून ते त्यातलं पाणी ओळखायचे, तोच हात आता तंबाखूला. मूठ सोडल्यावर गोळा तसाच राहिला तर ओली, नळीत गुरगुरणार. भुगा झाला तर कोरडी, भसाभस जळून जिभेला चटका देणार. पण गोळा आळस दिल्यासारखा हळूहळू उलगडला, की मामांचा चेहरा खुलायचा. "बराबर आहे, जावईबापू. आता ही थंड जळेल."

एवढ्यावर थांबते तर ते मामा कसले! एकदा त्यांनी गुळाचं पाणी शिंपडलं, एकदा मोहाची वाळकी फुलं चुरून घातली, आणि एकदा मी गेलो तर आमच्या मामांनी गच्चीवर केळीच्या साली वाळत घातलेल्या! मी कपाळाला हात लावला. मी सुपारीसुद्धा न खाणारा माणूस, पण प्रत्येक नव्या मिश्रणाचा पहिला झुरका मलाच. माझ्या डोळ्यांतून धारा वाहत असताना हे समोर वही घेऊन बसणार. "बोला, पहिल्यांदा काय आलं? गोड का कडू? आणि मागाहून?" मी म्हणायचो, "मागाहून देव दिसला, मामा." तेही ते लिहून घ्यायचे.

पण जवळच्या शाहपूर गावचा प्रकार ऐकाल तर तुम्हीही हादराल. तिथे मामांच्या एका मित्राची केळी पिकवायची वखार आहे. मामांच्या डोक्यात आलं, "केळी उबेनं पिकते तर तंबाखू का नाही पिकणार? मतलब, गरमी तर गरमीच असते ना!" मित्राला न सांगता त्यांनी केळीच्या पानात बांधलेली तंबाखूची पुडकी घडांच्या मागे सरकवून दिली. आठवड्याभरानं तो मित्र हातात केळ्यांची फणी घेऊन दारात उभा. "अरे बाबा, हे खाऊन पाहा! घरी पोरं थुंकून टाकतात!" मी एक केळं तोंडात घातलं आणि गिळू का टाकू कळेना. हुक्का सोलून खाल्ल्यासारखं वाटलं! मामा मात्र पुडकं सोडून, पाईप भरून, ओढायलाही लागले होते. आणि खरं सांगतो, मीही एक झुरका घेतला तर तंबाखू अशी जमली होती की मीच थक्क झालो. आधी काकवीची गोडी, मग भाजलेल्या दाण्यांचा खमंगपणा, शेवटी धुरीचा हलका कडवटपणा. तळापर्यंत एकसारखी जळली, राख पांढरीशुभ्र. तेवढ्यात मामी बाहेर आल्या, त्याच फणीतलं एक केळं सोलून सबंध खाल्लं आणि म्हणाल्या, "गोड आहे की! असे काय बघताय सगळे माझ्याकडे?" मामांनी पाईप खाली ठेवला आणि उगाचच वही उघडून बसले.

त्यानंतर मामांनी मिश्रणं आणखी जहाल केली आणि त्यांना खोकला जडला. साधासुधा नाही, पाठीतून वाकवणारा. मी रागावलो, माझी बायको रडली, पण ऐकतील तर शपथ. "हिला एकदा शी म्हणू दे, त्याच दिवशी सोडतो," हे त्यांचं उत्तर. मामी ते ऐकायच्या आणि भाकरी थापत राहायच्या.

गेल्या महिन्यात मी सकाळी त्यांच्याकडे बसलो होतो. मामा अंगणातून आत आले, दातात पाईप, नेहमीसारखा. आणि काय सांगू! मामींनी लाटणं आपटलं. "शी! काय पेटवलंय आज हे? डोकं उठलं माझं! आधी ते धुराडं बाहेर न्या!" मी उडालोच! "मामी, वास आला?" "आला तर! जळक्या गुळासारखा," त्या म्हणाल्या आणि आमच्याकडे पाठ करून कणीक मळू लागल्या. मला आनंदानं काय करू न काय नको असं झालं. मामा बाहेर गेले. मी धावत त्यांच्या मागे. "मामा, जिंकलात! पेढे काढा!"

मामांनी पाईप माझ्या हातात दिला. आतून स्वच्छ, ओला. "आत्ताच नळाखाली धुतला," ते हळूच म्हणाले. "तंबाखू नाही यात. काडीपण नाही लावली."

मला दोन क्षण काही कळलंच नाही. मग कळलं. "म्हणजे मामींनी..."

"माझा खोकला ऐकवत नाही तिला. तुम्ही बोलायचं नाही हां, जावईबापू. तिला वाटतंय, मला समजलं नाही." त्यांनी पाईप कोनाड्यात आत सरकवला, घसा साफ केला आणि दाराकडे तोंड करून मोठ्यानं विचारलं, "अगं, टाकला बरं का! सोडली आजपासून. आता येतो का वास?"

आत कणीक मळण्याचा आवाज थांबला.

"नाही," मामी म्हणाल्या. "आता गेला."