अर्धा जांभळा, अर्धा पिवळा

माझ्या लेकीनं लग्नात माझ्याकडून सोन्याची एक फुलीसुद्धा घेतली नाही. विहारात लग्न झालं, अंगावर पांढरी साडी, गळ्यात काळ्या मण्यांची बारीक पोत, तीही तिच्या पगारातली. मी करून ठेवलेले दागिने तसेच कपाटात राहिले. लोक म्हणाले, किती समजूतदार पोरगी! समजूतदार कसली? तिचे वडील गेल्यावर कुंभार पिंपळगावच्या बाजारात पोतं अंथरून मी बांगड्या विकल्या, त्यावर तिला शिकवलं, त्यावरच कटलरीचं दुकान टाकलं. आणि द्यायची वेळ आली तेव्हा हिनं हात मागं घेतला. तो राग माझ्या मनातून अजून गेलेला नाही.

म्हणून गेल्या उन्हाळ्यात तिचा फोन आला, तेव्हा मी दुकान शेजारणीवर सोपवलं आणि पहिली एसटी धरली. ती म्हणाली होती, "आई, जालन्याला ये. गळ्यातलं करायचंय, खडा निवडायचाय. तुला मालातलं कळतं." खडा कुठला, केवढ्याचा, मी विचारलं नाही. तो मी घेऊन देणार, एवढंच डोक्यात होतं. अंबडपर्यंत खिडकीबाहेरचं मला काही दिसलं नाही. पर्स उघडायची, बंद करायची, परत उघडायची.

सराफ्यातल्या त्या दुकानात सोनारानं कागदाची पुडी उघडून तीन खडे मखमलीवर ठेवले. स्फटिकाचीच जात, पण एकाच खड्यात दोन रंग, एका अंगाला जांभळा, दुसऱ्या अंगाला पिवळा. अ‍ॅमेट्रीन म्हणतात, लेकीनं सांगितलं. मी आधी एकेक खडा गालाला लावून बघितला. काच लगेच कोमट होते. हे थंडच राहिले.

"मावशी, माल खरा आहे," सोनार हसला.

"खरा का खोटा ते मला ठरवू द्या. ट्यूबलाइटमधी मला काही दिसत न्हाई."

मी खडे तळहातावर घेऊन दुकानाच्या दारात गेले, तसा तो गडबडीनं माझ्या मागं आला. उन्हात धरले. पहिला मोठा होता, पण पिवळा रंग एका कोपऱ्यात चिमूटभर. दुसऱ्यात दोन्ही रंग अगदी निम्मे, मधली रेघ पट्टीनं आखल्यासारखी. तिसरा लहान, रेघ तिरकी, आणि दोन रंग भेटतात तिथं लाल पेरूच्या गरासारखी गुलाबी झाक. माल म्हणून दुसरा. लेकीचे डोळे मात्र तिसऱ्यावर. मी ते बघितलं आणि लगेच तोंड वाकडं केलं. आपल्याला हवी ती वस्तू दुकानदाराला कळू द्यायची नसते.

"हा तर फिस्कटलेला दिसतो," मी म्हटलं. "ह्याचं काय सांगता?"

त्यानं भाव सांगायच्या आधी लेकीला विचारलं, "मॅडम, रास कोणती तुमची?"

"आमच्यात पत्रिका न्हाई बघत," मी म्हटलं.

"तसं नाही मावशी, विचारावं लागतं. जांभळा म्हणजे जमुनिया, तो शनीचा. पिवळा सुनेला, तो गुरूचा. एकाच खड्यात दोघं आले की सगळ्यांना चालत नाही. नंतर लोक भांडायला येतात माझ्याशी."

मी गादीवर मखमलीसमोर नीट मांडी घालून बसले.

"म्हंजे शनीवाला हा घेणार न्हाई."

"नाही."

"गुरूवालापण न्हाई."

"तसंच काहीसं."

"मंग राह्यलं कोण घ्यायला? आम्हीच. आम्ही उठून गेलो तर हा तुमच्या पुडीत म्हातारा होणार. मंग भाव कशाचा सांगता?"

त्यानं कपाळाला हात लावला. "मावशी, तुम्ही सराफ्यात दुकान टाकू नका, आमचं कठीण होईल." मग त्यानं भाव सांगितला, मी मान हलवली, तसा भाव खाली आला. अजून थोडा आला. मग अडला. मला माहीत होतं, अजून एक पायरी आहे. मी पर्स काखेला मारली आणि उठले. "चल गं."

बाजाराची ही रीत. उठून जायचं, पाठ वळवायची, हळू चालायचं, आणि हाक आली की परत फिरायचं. लेकीला हे लहानपणापासून माहीत. मी उठले की ती चपला घालून तयार असायची.

मी बाहेर येऊन पायरीवर थांबले. ऊन चटचट भाजत होतं. समोर रसवंतीचा चरक घुंगरं वाजवत होता. हाक आली नाही. मागं बघायचं नसतं, तरी बघितलं. लेक माझ्या मागं नव्हतीच. मी पदर सारखा केला, पर्स या काखेतून त्या काखेत घेतली. एका रिक्षावाल्यानं विचारलं, "जायचं का?" मी त्याच्यावरच खेकसले. मग काचेतून दिसलं, लेकीनं फोन काढला होता आणि गल्ल्यावरच्या पैसे भरायच्या चौकोनावर धरला होता.

मी आत शिरेपर्यंत पैसे गेल्याचं तिथला स्पीकर ओरडून सांगत होता.

"घेतला?"

"घेतला. तिसरा."

"मला विचारलंस?"

"तू बाहेर गेल्ती."

"अगं, उठून जायचं असतं! तो अजून उतरला असता!"

"माहितीये आई. लहानपणापासून तुझ्यामागं उठून उठून दमले मी. बांगड्या, दप्तर, चपला, सगळं अर्धं बघून उठायचं. एकदा तरी बसून घ्यावं वाटलं."

"त्याच उठण्यावर शिकलीस तू!" माझा आवाज एवढा चढला की बाकावरची एक बाई पोराला घेऊन सरकून बसली. "आणि घेऊन द्यायला मी आल्ते. मी! पैसे काय फक्त तुलाच मिळतात?"

सोनारानं उगाच तराजू पुसला. मग चाचरत म्हणाला, "मॅडम, गळ्यात घालायचा तर वर कुठला रंग ठेवायचा? एकदा कोंदण केलं की बदलता येत नाही."

लेकीनं खडा असा धरला, तसा धरला. तिला ठरवता येईना. तिनं माझ्याकडं बघितलं.

"पैसे देणारीनं ठरवावं," मी म्हटलं.

"आई, बघ ना गं. मला न्हाई कळत."

बायकांच्या मनगटाला रंग लावून बघण्यात माझा जन्म गेला. कुणाला हिरवा खुलतो, कुणाला मोरपंखी, हे मी बाई दुकानाची पायरी चढायच्या आत सांगते. मी तिला दंडाला धरून दारात नेलं आणि खडा तिच्या गळ्याशी धरला. रंगानं ती माझ्यासारखीच सावळी. जांभळा वर घेतला तर कातडीत बुडून जात होता. उलटा केला. पिवळा वर आला तशी हनुवटीखाली उजेड पडल्यासारखं झालं, आणि ती तिरकी रेघ गळ्याच्या खळीशी बरोबर बसली. सरळ रेघेचा तो दुसरा खडा तिथं शोभला नसता. हे मी तिला सांगितलं नाही.

"पिवळा वर," मी सोनाराला म्हटलं. "आणि मागून उघडं ठेवा, उजेड आरपार जाऊ द्या. घडणावळ मी देणार."

मी लेकीकडं न बघता बोलले. ती नाही म्हणाली असती, तर तशीच बसस्टँडला गेले असते.

"दे," ती म्हणाली. "पण चांदीत करायचंय."

"चांदीत? माझ्या कपाटात सोनं सडून राह्यलं!"

"चांदीत, आई."

खड्याचे पैसे तिनं दिले, ते मला आजही सलतं. पण त्या दिवशी मी सोनारापुढं परत मांडी घातली, तीही माझ्या शेजारी बसली, त्यानं घडणावळीचा आकडा सांगितला, आणि मी त्याला म्हटलं, "हं, सांगा आता, चांदीला कुठं एवढी घडणावळ असते का?"