त्यानं विचारलं होतं

“थांब पुट्टी, तो विचारतोय.” एवढं म्हणून शेजारचे काका तळहात वर करत आणि मला गप्प करत. मग चष्मा पुसायचा, शर्टाचं वरचं बटण लावायचं आणि दारात पाहुणा आल्यासारखं कॉम्प्युटरच्या पडद्याकडे बघायचं.

तुमच्याही ओळखीत असं एखादं माणूस असेल, ज्याला कुणी काही विचारलं की ‘नाही’ म्हणताच येत नाही. काकांना ते यंत्रालाही म्हणता यायचं नाही. अपडेट करू का? कर. आत्ताच बंद होऊन परत सुरू होऊ का? हो बाबा. मग अर्धवट टाइप केलेलं सगळं गेलं, की “तप्पु माझंच कणम्मा.” आमच्या म्हैसूरच्या मराठीत चुकीला तप्पुच म्हणतात.

‘नंतर’ असंही एक बटण असायचं. ते त्यांना उद्धट वाटे. “विचारणाऱ्याला ताटकळत ठेवायचं? छे!”

दसऱ्यात आमच्याकडे घरोघरी पायऱ्या रचून बाहुल्या मांडतात. काकू गेल्यावर त्या काका मांडू लागले. कोणती बाहुली कुठल्या पायरीवर, हे काकूंना पाठ होतं, काकांना नव्हतं. काकू मांडामांड करत असतानाचे बऱ्याच वर्षांचे फोटो त्यांच्याकडे होते. ते बघून मांडता यावं म्हणून मी ते कॉम्प्युटरवर चढवून दिले.

आता त्याला जिकडेतिकडे चेहरे दिसू लागले. लाकडी राणी दाखवून त्यानं विचारलं, हे कोण? काकांनी लिहिलं, महाराणी. दुकान मांडून बसलेली बाहुली दाखवली, तिचं नाव लिहिलं शेट्टी. गणपतीला मात्र त्यानं न विचारताच प्राण्यांत टाकलं. काकांनी देवघराकडे वळून हात जोडले. “लहान आहे हा. शिकेल.” मी हसले. ते हसले नाहीत.

“न विचारता काही काढून तर टाकणार नाही ना गं?”

“नाही काका, आधी विचारतो.”

हे खरं होतं. अजूनही खरंच आहे.

एका संध्याकाळी हेब्बाळहून येणाऱ्या कंपनीच्या बसमधून उतरले, तर काका फाटकाशीच उभे. सारखे आणि हललेले फोटो काढून टाकू का, असं त्यानं विचारलं होतं. हललेले म्हणजे ज्यांत काकूंचा हात होता ते. बाहुल्या स्थिर, हात तेवढा पुसट. काका हो म्हणाले होते.

“मग कायमचे काढू का, असं परत विचारलं त्यानं.”

“आणि?”

“दोनदा विचारणाऱ्याला नाही कसं म्हणू?”

मी बरीच खटपट केली. फोटो परत आले नाहीत. काकांनीच माझ्यापुढे कॉफी ठेवली. “तुझं काय तप्पु? माझंच. त्यानं विचारलं होतं.”

तो विचारतो, एवढंच मी त्यांना सांगितलं होतं. नाही म्हटलं तरी त्याला वाईट वाटत नाही, हे सांगायचं राहिलं होतं. ते मराठीत कसं सांगावं हे जुळवेपर्यंत कॉफी संपली आणि मी “येते काका” म्हणून उठले.

यंदा काका मुलीकडे धारवाडला गेले, कायमचे. बाहुल्यांची ट्रंक बरोबर नेली, कॉम्प्युटर मला दिला. “घरात एकटा राहिला तर कुणाला विचारेल तो?”

नवरात्रात मी तो लावला. पडद्यावर एक प्रश्न होता. ही एकच व्यक्ती आहे का? डावीकडे लाकडी राणी. उजवीकडे पायऱ्यांमागून डोकावणाऱ्या काकू, मान राणीसारखीच जराशी कललेली. त्या फोटोत त्या हलल्या नव्हत्या, म्हणून उरल्या होत्या. सगळ्या बाहुल्यांची नावं सांगणाऱ्या काकांनी हा एकच प्रश्न ताटकळत ठेवला होता.

हो म्हटलं, तर काकू महाराणीच्या नावात मिसळून जाणार. नाही म्हटलं, तर तो विचारणार, मग हे कोण? आणि मला त्या नुसत्या काकू म्हणूनच माहीत.

मीही ‘नंतर’ दाबलं.